रेजिना गेली, हे लक्षात ठेवताना

आधीच सांगून टाकते, ह्यातला निम्मा भाग मला आठवत नाही. तो मला सांगितलेला आहे. माझा नवरा अंतोन आणि मुलगी शेरल ह्या दोघांनी सांगितला. ह्या दोघांचं चहात साखर किती ह्यावरही एकमत होत नाही, म्हणून जिथे दोघं एकच बोलले तेवढं मी खरं धरलं. उरलेला निम्मा माझा स्वतःचा आहे, आणि त्याचा मला फार अभिमान आहे.

मी फिलोमिना. ठाण्यातल्या एका कॉन्व्हेंट शाळेत मराठी शिकवायचे. आम्ही ईस्ट इंडियन, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेली इथलीच माणसं. घरात मराठी, भांडणात मराठी, प्रार्थनेत मराठी. तरी दर जूनमध्ये एखादा नवा पालक हेडमिस्ट्रेसला विचारायचाच, की ख्रिश्चन बाई मराठी कशी शिकवणार? दिवाळीपर्यंत त्याच्या मुलाच्या वहीत माझी लाल शाई पाहून तो गप्प व्हायचा. माझी जीभ तिखट आहे. आजारात बाकी पुष्कळ काही गेलं, ती गेली नाही, असं घरचे म्हणतात.

जळक्या मिरचीचा वास

पावसाळा होता. ताप होता, डोकं ठणकत होतं, तरी मी शाळेत गेले. फळ्यावर लिहिता लिहिता मला मिरची जळल्याचा वास आला. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षभराचा बाटली मसाला होतो. तेव्हा मिरच्या भाजायला घेतल्या की सगळी पाखाडी, म्हणजे आमची आळी, खोकत असते. पण भर पावसात मिरच्या कोण भाजणार? घरी आले, तरी वास तोच. मी तडक शेजारच्या लिझीच्या दारात गेले आणि तिला झापलं. म्हटलं, पावसात मसाला करायला बसलीस, अक्कल गहाण टाकलीस का? लिझी बिचारी भाजी निवडत बसली होती. तिने मला हाताला धरून तिच्या ओट्यापाशी नेलं. गॅस बंद होता.

इथपर्यंत मला आठवतं.

पुढचं अंतोनचं. तो म्हणतो, मी घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "रेजीला फोन लाव. तिला विचार, लिझीला काय झालंय ते."

"कोणाला लावू?"

"रेजीला. माझ्या बहिणीला. ऐकू येत नाही का?"

रेजिना, माझी धाकटी बहीण, आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात वारली होती. कॅन्सरने. शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशीच होते. अंतोन सांगतो की त्या क्षणी त्याला ताप, डोकेदुखी काही सुचलं नाही. बायको गेली आणि तिच्या जागी कोणीतरी बसलं आहे असं वाटलं. मग मला फिट आली. लिझीच्या मुलाने रिक्षा थांबवली आणि मला हॉस्पिटलात नेलं.

तिथे मेंदूचे फोटो काढले, पाठीतून पाणी काढून तपासलं. डॉक्टरांनी अंतोनला आणि शेरलला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं की मेंदूला सूज आहे, विषाणूमुळे; जळक्या मिरचीचा वासही त्या सुजेचाच. ओठावर ताप उठतो ना, साधा फोड, तो आणणाराच हा विषाणू. लाखातल्या एखाद्याच्या नशिबी तो वर चढतो. औषध लगेच सुरू केलं आहे, जीव वाचेल. आठवणींचं आत्ता सांगता येत नाही.

"म्हणजे ती आम्हाला ओळखणार नाही?" अंतोनने विचारलं.

"तुम्हाला ओळखतील," डॉक्टर म्हणाले. "काल काय झालं ते ओळखतील की नाही, ते बघू."

वॉर्डातली हुशारी

हॉस्पिटलातलं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं, तेही शेवटचं. सलाईनच्या हाताची आग. पडद्याचा हिरवा रंग. आणि रोज सकाळचे प्रश्न: तुमचं नाव काय, हे ठिकाण कोणतं, आज वार कोणता? मी आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले, त्यामुळे उत्तर येत नसेल तर काय करायचं हे मला चांगलं ठाऊक होतं. मी कॉपी करायचे. भिंतीवर कॅलेंडर नव्हतं, पण नाश्त्याचं ताट होतं. उपमा आला की मंगळवार, इडली आली की गुरुवार, हे मी शेजारच्या पेशंटजवळ बसणाऱ्या बाईकडून रोज नव्याने काढून घ्यायचे आणि डॉक्टर आले की ऐटीत सांगायचे. एक दिवस कँटीनने मंगळवारी इडली दिली आणि मी उघडी पडले.

एक सिस्टर आंबिवलीहून यायच्या. त्यांना एकच विनोद येत होता, एक नवरा-बायको आणि हरवलेला चष्मा असा काहीतरी. तो त्या मला रोज सांगायच्या आणि मी रोज पोट धरून हसायचे. शेरलला म्हणायच्या, "तुमच्या मम्मीसारखा पेशंट नाही बघा. घरी हा जोक सांगितला की पोरं उठून जातात." मला तो विनोद आजही आठवत नाही. पण त्या बाईंचा चेहरा दिसला की हसू येतं, एवढं मात्र कुठेतरी मुरलं आहे.

ह्या आजारात घरातलं कोणी सापडलं असेल, तर एक गोष्ट सांगते. तुमचं माणूस सगळं विसरतंय असं वाटतं, पण ते खरं नाही. प्रसंग पुसला जातो, त्याची ऊब किंवा चटका राहतो. तेव्हा विसरणारच आहे म्हणून त्याच्याशी कसंही वागू नका.

वसईची थाप

रेजीबद्दल मी रोज विचारायचे. ती का आली नाही भेटायला? मी मरायला टेकले आणि सख्ख्या बहिणीला सवड नाही?

सुरुवातीला त्यांनी खरं सांगितलं. शेरल माझा हात धरून सांगायची, की मम्मी, रेजिना मावशी गेली. मी ओरडायचे, रडायचे, सिस्टर धावत यायच्या. जेवण व्हायचं, डुलकी लागायची, आणि उठले की पुन्हा, रेजी का आली नाही? पालथ्या घड्यावर पाणी. फक्त इथे प्रत्येक वेळी घडा फुटत होता. मला दर वेळी ती पहिल्यांदाच मेलेली कळायची. इतरांना एक बहीण एकदा पुरावी लागते.

अंतोनला ते बघवेना. एका दुपारी मी विचारलं, आणि तो पटकन म्हणाला, "रेजी वसईला गेलीय, नणंदेकडे. येईल."

मी म्हणाले, "बरं." आणि शांत झोपले.

ह्यावरून बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं. शेरल म्हणाली, "पप्पा, तुम्ही खोटं कसं बोलू शकता? मावशीबद्दल?" अंतोन म्हणाला, "तू डोंबिवलीला जातेस आपल्या घरी. मी चोवीस तास हितं बसतो. रोज रोज मयत नाय होत माझ्याच्याने." अखेर शेरल दमली आणि तीही वसई म्हणायला लागली. तिच्यावर मी रागावलेली नाही. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी वसई गाठली असती.

सगळ्यात वाईट वाटतं ते ग्लेनचं. ग्लेन म्हणजे रेजीचा एकुलता एक मुलगा. वडील तो लहान असतानाच गेले, आता आईही गेलेली. तो भेटायला आला आणि मी त्याला विचारलं, "काय रे, आई कशी आहे?"

तो म्हणाला, "बरी आहे, मावशी."

आणि मग तो यायचाच बंद झाला. मला हे कळलं तेव्हा मी खूप रडले.

डोंबिवलीचे पडदे

घरी सोडल्यावर मला शेरलकडे डोंबिवलीला ठेवलं. अंतोनही आला. आजाराने माझी आधीची दोन-तीन वर्षंही पुसली होती आणि शेरलने हा फ्लॅट त्याच वर्षांत घेतला होता, त्यामुळे माझ्या दृष्टीने मी तिथे पहिल्यांदाच जात होते. दर सकाळी. दर सकाळी मी स्वयंपाकघराचं कौतुक करायचे आणि हॉलमध्ये येऊन म्हणायचे, "अगं शेरल, घर छान आहे, पण हे पडदे कोणत्या रंगांधळ्याने निवडले?"

"तूच निवडलेस, मम्मी."

"शक्यच नाही."

जावई मोठा गुणी. त्याने एक दिवस गुपचूप पडदे बदलले. दुसऱ्या दिवशी मी नव्या पडद्यांना नावं ठेवली.

हसण्यावारी नेते आहे, पण त्या घरात ताण होता. गॅस उघडा राहील म्हणून मला ओट्याशी एकटी जाऊ देत नसत. मी चिडायचे. ज्या बाईने वर्गात साठ-साठ पोरं आवरली तिला लेक म्हणते, मम्मी, चहा मी करते. आणि शिवाय सकाळी उठल्या उठल्या छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. कारण सापडायचं नाही. रेजी तर वसईला होती, आता ते मला पक्कं ठाऊक झालं होतं. मग रडू कशाचं येत होतं?

त्यात ग्लेनच्या लग्नाचा प्रश्न होता. आईचं वर्ष सरेपर्यंत लग्न थांबवलं होतं, मग माझ्या आजारपणाने लांबलं, आता ईस्टरनंतर मे महिन्यात धरलं होतं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बाया वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी भरून आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात, आणि त्याने नवऱ्याला आंघोळ घालतात. त्या बायांच्या पुढे नवऱ्याची आई असते. आई नसेल तर तिची बहीण. म्हणजे मी. पण मला रेजी गेल्याचंच माहीत नव्हतं, तर मी तिच्या जागी उभी कशी राहणार? मी भर मांडवात म्हणाले असते, थांबा, रेजी येऊ दे. ग्लेनने शेरलला फोनवर सांगितलं होतं, "मावशी नसेल तर पाणी नको, बँड नको. चर्चमध्ये जाऊन येऊ फक्त." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून, "पण ती आईला शोधत बसली तर मला नाही झेपणार, ताई."

संघमित्रा

मेंदूच्या डॉक्टरांनी कल्याणला एका मानसशास्त्रज्ञ मुलीकडे पाठवलं. संघमित्रा तिचं नाव. राहणारी विठ्ठलवाडीची, उंचीला माझ्या खांद्याएवढी, बोलायला मेल ट्रेन. शेरल गाडीने नेते म्हणाली. मी म्हटलं, शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तर मी कुठे चालले तेच विसरेन. त्यावर अंतोन म्हणाला, कल्याणला जायला शीळफाटा लागतच नाही. तेवढी चूक मला आजाराशिवायही जमली असती.

पहिल्या भेटीत संघमित्राने सहज विचारलं, "टीचर, घरात कोण कोण?"

मी सगळं सांगितलं. आणि म्हणाले, "बहीण आहे, रेजिना. वसईला गेली आहे. मीच तिची बॅग भरली. निळं पोलकं राहिलं होतं, ते मी धावत जाऊन बसमध्ये दिलं."

शेरल म्हणते, हे ऐकून तिच्या अंगावर काटा आला. बॅग नव्हती, बस नव्हती, पोलकं कुणी दिलं नव्हतं. संघमित्राने माझ्याकडे पाहिलं नाही, शेरलकडे पाहिलं. तिथलं तिथे तिला सगळं कळलं. मला बाहेर चहा प्यायला बसवून तिने बापलेकीची जी शाळा घेतली, ती अंतोन अजून विसरलेला नाही.

"काका, तुम्ही तिला हे शिकवलंत," ती म्हणाली. "रोज तेच वाक्य, त्याच सुरात, आणि ऐकल्यावर तिला बरं वाटायचं. ह्याच्याहून चांगला अभ्यास असतो का? खरं सांगताना तुम्ही प्रत्येक वेळी वेगळं बोललात, रडलात, ती घाबरली, त्यात काही टिकलं नाही. थाप मात्र पक्की बसली. आणि उरलेल्या जागा तिच्या डोक्याने भरल्या. ते पोलकं खोटेपणा नाही, काका. रिकामी जागा मेंदूला आवडत नाही."

अंतोनने विचारलं, "म्हणजे ती नवीन काय तरी शिकू शकते?"

शेरल म्हणते, संघमित्रा हसली. "अरे हो की! हीच तर गुड न्यूज आहे. आता तिला खरं शिकवू."

मला समजावताना तिने आधी विचारलं, की टीचर, तुम्हाला डोळे मिटून काय करता येतं? मी म्हटलं, बाटली मसाला. आणि सांगत सुटले: मिरच्या उन्हात घालायच्या, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कांडायचा, चाळायचा, मग काळ्या बाटलीत लाकडी दांड्याने ठासून भरायचा. हवा राहिली की मसाला गेला.

"झालं तर मग," ती म्हणाली. "तुमचं भाजणं-कांडणं मस्त चाललंय. तुम्ही बघता, ऐकता, आत्ता माझ्याशी भांडतापण. आठवण तयार होते ती तिथे. मग ती भरावी लागते. कानाच्या आतल्या अंगाला, खोल, मेंदूचा एक छोटा भाग आहे, तो हे भरायचं काम करतो. सूज नेमकी तिथे आलेली. म्हणून सकाळचं संध्याकाळपर्यंत सांडतं. जुन्या बाटल्या मागच्या फळीवर आहेत, त्या सेफ. मागच्या दोन-तीन वर्षांच्या अजून घट्ट बसलेल्या नव्हत्या, त्या लवंडल्या."

"आणि काढणं?"

"ते तिसरं काम. बाटली असते, पण हात पोचत नाही. कोणीतरी पहिलं अक्षर सांगितलं की पोचतो. आणि एक लक्षात घ्या, दर वेळी काढलं की आपण परत भरतो. तेव्हा त्यात दुसरं काही मिसळलं तर पुढच्या वेळी तेच बाहेर येतं."

हे तिने मला किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. कधी कंटाळली नाही.

नावांची ओळ

तिने नियम घातला. अंदाज करायला लावायचा नाही, कारण चुकीचा अंदाजसुद्धा पक्का बसतो. खरं तेवढंच सांगायचं, मी विचारायच्या आधी, रोज त्याच जागी, त्याच शब्दांत. मग लगेच विचारायचं. मग थोड्या वेळाने. मग आणखी थोड्या वेळाने. प्रश्न उरला तो जागेचा. कुठे सांगायचं?

अंतोन चाचरत म्हणाला, "रोझरी चालेल?"

आमच्या घरी संध्याकाळी रोझरीची प्रार्थना होते. शेवटी घरातल्या मेलेल्यांची नावं घ्यायची असतात, जशी माणसं गेली त्या ओळीने, आणि त्यांच्यासाठी 'आमच्या बापा' म्हणायचं. ज्याची माणसं त्यानेच नावं घ्यायची, ही आमच्याकडची रीत. माहेरची नावं मी घ्यायचे: पास्कू आजोबा, नाताल आजी, पप्पा, आई, भाऊ सायमन. आजारातही मी ती धडाधडा म्हणत होते. सायमनपाशी थांबत होते. आणि वसईची थाप सुरू झाल्यापासून अंतोन रेजीचं नाव माझ्या माघारी, बाथरूममध्ये जाऊन घेत होता. हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

संघमित्रा टेबलावर थाप मारून म्हणाली, "परफेक्ट! आमच्याकडे वंदनेला पंचशील म्हणतो ना, मला कोणी मधलंच चौथं शील विचारलं तर नाही येत. पहिल्यापासून म्हणावं लागतं. ओळीत घाला काका, ओळ ओढून आणेल."

मग रोज संध्याकाळी डोंबिवलीच्या त्या हॉलमध्ये, नावं ठेवलेल्या पडद्यांसमोर, मी सायमन म्हटलं रे म्हटलं की अंतोन म्हणायचा, "रेजिना. रेजिना गेली, फिलू. तिला शेवटी त्रास झाला नाही. तू तिच्याजवळ होतीस." हीच वाक्यं, हाच सूर. मी रडायचे. ते थांबायचे. मग शेरल विचारायची, "सायमननंतर कोण?" आणि मी सांगायचे. जेवताना पुन्हा विचारायची, आणि मी म्हणायचे, सायमननंतर कोण कशाला, रेजी तर वसईला आहे. ये रे माझ्या मागल्या.

नाताळ गेला, उपासाचा काळ आला. वसई हळूहळू विरळ झाली, पण गेली नाही. शेरलने एकदा संघमित्राला फोनवर सांगितलं की सोडून देऊ या. ती म्हणाली, "ताई, काल रडली?"

"रोजच रडते."

"नाव सांगायच्या आधी की नंतर?"

"आधी," शेरल म्हणाली. कारण काही दिवसांपासून मी आई म्हणतानाच रडायला लागले होते. दोन नावं आधी. पुढे काय येणार आहे ते माझ्या डोळ्यांना माझ्याआधी कळत होतं.

ईस्टर जवळ आला होता. इथून पुढचं माझं आहे, कोणी सांगितलेलं नाही. आम्ही बसलो होतो. पास्कू आजोबा, नाताल आजी, पप्पा, आई, सायमन. आणि दाराची बेल वाजली. अंतोन उठला. शेरल दाराकडे बघायला लागली. नाव सांगायला कोणी नव्हतं. मी वाट पाहिली नाही. म्हटलं, "रेजिना," आणि पुढे 'आमच्या बापा' सुरू केलं.

दारात पार्सलवाला होता. अंतोन पार्सल हातात धरून तसाच उभा, गालांवरून पाणी वाहतंय. तो माणूस म्हणाला, "अंकल, ओटीपी बोला ना." अंतोन हुंदके देतोय. "अंकल, चार नंबर आलाय बघा मोबाईलवर." त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याला चार आकडे वाचून सांगता आले नाहीत. शेवटी जावयाने मोबाईल घेतला आणि त्या माणसाला चहा पाजूनच सोडलं.

संघमित्रा खूश झाली, पण तिने बजावलं. ओळीत नाव येणं वेगळं आणि ओळीबाहेर ते माहीत असणं वेगळं. घाई नको.

काही दिवसांनी मी सकाळी उठले. छातीवर तेच ओझं होतं. पण त्या दिवशी मला त्याचं कारण माहीत होतं. पास्कू आजोबांपासून सुरुवात करावी लागली नाही. रेजी गेली आहे. वसई नाही, नणंद नाही, निळं पोलकं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडायला लागले. शेरल धावत आली आणि तिने ठरलेलं वाक्य सुरू केलं, "मम्मी, रेजिना मावशी..."

"माहितेय गं," मी म्हटलं. "सांगू नकोस."

ती किंचाळली. अशी किंचाळली की अंतोन तोंडाला फेस, हातात ब्रश, तसाच बाहेर आला. "पप्पा, तिला माहितेय! तिला झोपून उठल्यावर माहितेय!" अंतोनने मला मिठी मारली, जावयाने शेरलला मारली, आणि मी मध्ये उभी राहून बहिणीसाठी धाय मोकलून रडत होते. आवाज ऐकून समोरच्या काकू आल्या. "काय हो, कोणी गेलं का?"

"हो," अंतोन आनंदाने म्हणाला. "आमची रेजिना!"

काकू आजही आमच्याशी जपून बोलतात. पण त्या दिवशी आमच्या घरी जिलेबी आली, आणि मी रडत रडत दोन वाट्या खाल्ली. ज्या दुःखाने मला रोज फोडलं, ते अखेर एकदाच झालं आणि माझं झालं. परीक्षेत पहिली आले होते तेव्हाही मला इतकं मोठं वाटलं नव्हतं.

काय परत आलं नाही

खरं सांगायचं तर बरंच परत आलं नाही. शाळा सोडली. नवी माणसं दोन-तीनदा भेटली तरी नव्यानेच भेटतात. गॅस बंद केला का, हे मी मोठ्याने बोलून बंद करते. आणि रेजीचे शेवटचे दिवस, तिचा हात माझ्या हातात होता म्हणतात, ते कधीच परत येणार नाहीत. ती बाटली लवंडली ती लवंडलीच. ह्यावर इलाज नाही, आणि कोणी आहे म्हणून सांगत आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मांडवात

मे महिन्यात ग्लेनचं लग्न ठाण्याला निघालं. पाखाडीत मांडव पडला, मैद्याचे फुगे तळले, बँडवाले आले. मी लाल चौकडीचं लुगडं नेसले. बाया कळश्या घेऊन विहिरीवर निघायच्या तयारीत. आणि तेवढ्यात उत्तनची मार्था मावशी आली. माझ्या आईची चुलत बहीण, नव्वदीला टेकलेली, कान पार गेलेले. बरीच वर्षं नाशकाला लेकीकडे होती, तिला कोणी काही कळवलं नव्हतं.

ती मांडवाच्या मधोमध थांबून म्हणाली, "गो फिलू, रेजी दिसत नाय ती? पोराचं लगीन आनि आय कुठं गेली?"

अंतोन सवयीने सांगायला पुढे झाला. शेरलने माझं कोपर धरलं. मी ते सोडवलं.

"रेजी गेली, मावशी," मी म्हटलं.

"आँ?"

"गेली!"

"मोठ्यानं बोल, बाय."

बँडवाल्यांनी वाद्यं खाली घेतली. मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचे त्या आवाजात ओरडले, "रेजी मेली, मावशी! कॅन्सर झालेला! तिच्या जागी मी उभी आहे!"

म्हातारीने कपाळावर क्रूस केला, माझ्या गालावरून दोन्ही हात फिरवले आणि कडेच्या खुर्चीत जाऊन बसली. इतके महिने ही बातमी जगाने मला दिली होती. पहिल्यांदाच ती मी कोणाला तरी दिली.

ग्लेन ओटीवर उभा होता, हळदीच्या जुन्या बनियनमध्ये. हॉस्पिटलातल्या त्या दिवसानंतर त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. तो खाली आला.

"मावशी, परत बोल."

"तुझी आई गेली, बाळा. मी तिच्याजवळ होते."

"तुला आठवतं?"

"नाही रे," मी म्हटलं. "पण माहीत आहे."

तो लहान मुलासारखा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. पुष्कळ वेळ रडला, कोणी घाई केली नाही. मग त्याने डोळे पुसले, कळशी उचलून स्वतःच्या हाताने माझ्या कमरेवर ठेवली आणि बँडवाल्यांकडे वळून म्हणाला, "वाजवा रे! पाणी भरायला चाललीय माझी मावशी."